कडेला पडलेली कोर

१

पेटीचं झाकण उघडं होतं. आतल्या निळ्या मखमलीत बशीएवढा गोल खळगा होता, आणि त्या खळग्यात काहीच नव्हतं.

तारीख १६ फेब्रुवारी १९८०, सूर्यग्रहणाचा दिवस. चारठाण्याला ग्रहण खग्रास नव्हतं, पण सूर्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग झाकला जाणार होता. गावानं दुपारीच दारं लावून घेतली होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मुख्याध्यापक दिनकरराव टाकळकर मात्र हट्टाला पेटले होते. दोनशे पोरं रांगेनं घेऊन ते जुन्या देवळाच्या आवारात गेले आणि काजळी धरलेल्या काचांतून त्यांनी पोरांना ग्रहण दाखवलं.

शाळेची दुर्बीण त्यांनी नेली नाही. नळीतून कुणी पोरानं सूर्याकडं पाहिलं तर डोळा जायचा, म्हणून त्यांनी ती प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद केली आणि हात लावायला सक्त मनाई केली. दुर्बीण म्हणजे खरं तर तिचं भिंगच. हैदराबादच्या एका जुन्या प्राध्यापकांनी शाळेला दिलेलं जर्मन भिंग, जिल्ह्यात तसं दुसरं नव्हतं.

तेच गेलं होतं.

प्रयोगशाळेत त्या दुपारी एकच माणूस होतं, विज्ञानाच्या शिक्षिका कुसुमबाई. त्या दिनकररावांच्या पत्नी. ग्रहणात हवा किती गार होते हे पाहायला दर पाच मिनिटांनी तापमान लिहून ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं. तीन पंचवीसची नोंद करून त्या मागच्या अंगणात सावल्या पाहायला गेल्या, रमल्या, आणि तीन चाळीसच्या नोंदीला परत आल्या तर कपाट सताड उघडं. असं त्यांनी सांगितलं.

कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. किल्ल्या दोनच. एक दिनकररावांच्या खिशात, दुसरी शिपाई सितारामच्या जुडग्यात.

"जुडगा म्या परयोगशाळेत खिळ्याला अडकवून गेलतो साहेब," सिताराम म्हणाला. "बाईंलाच शेवटी खोलीला कुलूप लावायचं व्हतं ना."

दिनकररावांनी पत्नीकडं पाहिलं. कुसुमबाई फरशीकडं पाहत होत्या.

"मी जुडगा पाहिला नाही," त्या म्हणाल्या.

२

सिताराम खिल्लारे अकरा वर्षं शाळेची घंटा देत होता. एका पायानं लंगडायचा, पण घंटा कधी मिनिटानं चुकली नाही. त्याचं म्हणणं एकच होतं. चित्रकलेच्या बन्सीधर मास्तरांनी आवारात सगळ्यांचा फोटो काढला तेव्हा आपण तिथं होतो.

फोटोत तो होता. अगदी उजव्या कडेला, ओवरीच्या चुना दिलेल्या भिंतीपाशी उभा. पण फोटो किती वाजता काढला, हे कुणालाच सांगता येईना. संस्थेचे चिटणीस दत्तराव म्हणाले सव्वातीन, कुणी म्हणालं पावणेचार.

तेव्हा दिनकररावांनी ती गोष्ट केली, जिचा त्यांना पुढं चौदा वर्षं अभिमान वाटत राहिला.

ओवरीच्या भिंतीवर लिंबाच्या पानांतून कवडसे पडले होते. ग्रहणात असे कवडसे गोल पडत नाहीत. सूर्य जसा कुरतडला जातो तशा त्यांच्याही कोरी होतात. सितारामच्या खांद्याशेजारी अशीच एक ठसठशीत कोर फोटोत उमटली होती, होडीसारखी आडवी. कोर जितकी बारीक, तितकी वेळ ग्रहणमध्याच्या जवळ. दिनकररावांनी कंपास घेतला, हातभिंगाखाली कोर मोजली, ग्रहणाच्या कोष्टकाशी ताडून पाहिली. फोटो तीन तेवीसचा निघाला.

देवळापासून शाळा सितारामच्या चालीनं बारा मिनिटांवर. तीन तेवीसला निघालेला माणूस तीन पस्तीसला कपाटापाशी. कुसुमबाई तेव्हा अंगणात होत्या. सगळं बसलं.

दोन वर्षांपूर्वी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या जाळपोळीपासून गावात आधीच दोन तट पडले होते. सिताराम बौद्धवाड्यातला, म्हणून पुष्कळांनी त्याला पहिल्याच दिवशी चोर ठरवून टाकलं होतं. दिनकररावांना त्या लोकांची चीड होती. आपण जात पाहून नव्हे, माप घेऊन बोलतो, हे त्यांनी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर फळ्यावर आकृती काढून सांगितलं. रांगेत नववीच्या वर्गात सितारामची मुलगी उभी होती.

शाळेची बदनामी नको म्हणून दत्तरावांनी पोलिसांत जाऊ दिलं नाही. सितारामला कामावरून काढलं. महिन्याभरात ते कुटुंब गाव सोडून चुडाव्याला गेलं. सिताराम तिथं स्टेशनात पोती उतरवतो, असं पुढं कधीतरी कानावर आलं.

मग वर्षं गेली. दिनकरराव निवृत्त झाले. कुसुमबाईही झाल्या. आता सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसलं की दिनकररावांना शाळाच आठवायची. खडूचा वास, पावसाळ्यात गळणारा सातवीचा वर्ग, स्नेहसंमेलनाचे पडदे, सहलीच्या बैलगाड्या. सगळं गोड होऊन आठवायचं. ग्रहणाचा दिवसही.

जानेवारी १९९४. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होऊन चार दिवस झाले होते, आणि फाट्यावर अजून पोलिसांची गाडी उभी होती. त्या सकाळी फाटक वाजलं. खांद्याला पिशवी लावलेली, अठ्ठावीसएक वर्षांची बाई दारात उभी होती.

"वळखलं का सर?" ती म्हणाली. "मी सत्यशीला. सितारामची."

३

चहा कुसुमबाईंनी आणला. कप ठेवताना बशीत चहा सांडला, तो पुसायला त्या आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

"काय करतेस आता?" दिनकररावांनी विचारलं.

"पुण्यात असते. आकाशाच्या फोटोंचं काम करते." ती हसली. "अंतराळात मोठी दुर्बीण सोडलीय ना सर, तिचा रुंद कॅमेरा एका दमात आकाशाचा मोठा तुकडा टिपतो. पण फोटोत मधले तारे जागेवर असतात, कडेचे सरकलेले. भिंगं आणि आरसे कडेला चित्र ओढतात किंवा आवळतात. ते सरळ करायचं."

"कसं करता?"

"एकच तारा एकदा मध्ये घ्यायचा, एकदा कडेला. किती सरकला ते बघायचं. असे हजारो तारे घेतले की कुठं किती ओढाताण झाली त्याचा नकाशा तयार होतो. मग एकेक तारा उलटा ढकलून त्याच्या जागेवर न्यायचा. पगार त्याचाच मिळतो."

दिनकररावांना आनंद झाला. आपली विद्यार्थिनी! नववीत भूमितीची प्रमेयं ती घडाघडा सांगायची. क्षणभर ते विसरूनच गेले की ती कुणाची मुलगी आहे.

"सर, तुमचं ते गणित मला बघायचंय," ती म्हणाली.

त्यांनी कपाटातून जुनी फाईल काढली. फोटो, कोष्टक, आकडेमोड, सगळं जपून ठेवलेलं. तिनं एकेक ओळ वाचली.

"आकडेमोडीत चूक न्हाई," ती शेवटी म्हणाली, आणि दिनकररावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिनं फोटो उन्हात तिरपा धरला. "पण ही ओवरीची कड बघा. दगड सरळ आहेत ना देवळात?"

"सरळच आहेत."

"इथं वाकलेत."

दिनकररावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चौदा वर्षांत त्यांनी हा फोटो शंभरदा पाहिला असेल. ओवरीचा चौथरा उजवीकडं टोकाला, धनुष्यासारखा, अगदी थोडा वर चढत गेला होता.

"बन्सीधर मास्तर कुठं असतात आता?" सत्यशीलानं विचारलं.

४

बन्सीधरचा जिंतूरला फोटो स्टुडिओ होता. एसटीतून दोघं उतरली तेव्हा दुपार झाली होती. दिनकररावांना पाहून बन्सीधर काउंटरमागून धावत बाहेर आला. ओळख पटल्यावर सत्यशीलाकडं मात्र त्याला पाहवेना.

"त्या दिवशी कॅमेऱ्याला काय लावलं होतंत?" तिनं विचारलं.

"जोड भिंग, ताई. नांदेडच्या एका दोस्ताकडून आणलेलं. आपल्या भिंगाच्या तोंडावर फिरवून बसवायचं, मंग दोनशे पोरं एकाच फोटोत मावतात. लय स्वस्तातलं. कडेची माणसं जरा बारीक यायची."

"हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" दिनकरराव म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाई सर. तुमी फक्त टाइम इचारला." बन्सीधर खाली मान घालून म्हणाला, "आन् तुमी परिपाठाला सगळं सांगून टाकल्यावर मी काय बोलू?"

निगेटिव्ह त्याच्याकडं होती. रद्दीत न टाकण्याची त्याची सवय कामाला आली. त्यानं तासाभरात मोठी प्रत काढून आणली. ओली प्रत काचेवर ठेवली आणि दिनकररावांच्या लक्षात आलं, आपल्या फाईलमधला फोटो चौकटीत बसावा म्हणून कडेला कापलेला होता. इथं सितारामच्या पलीकडं आणखी दोन बोटं जागा होती. तिथं भिंतीला टेकवलेली बन्सीधरची सायकल होती.

सत्यशीलानं मोजपट्टी सरांच्या हातात दिली. "चाक मोजा सर."

त्यांनी मोजलं. उंची एकवीस मिलिमीटर. रुंदी पंधरा.

"चाक गोल असतं ना?" ती हळूच म्हणाली.

पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तरी तिनं सांगितलं, शिक्षिका सांगते तसं. "या भिंगानं कडेला आडवं माप आवळलं, उभं जवळजवळ तसंच ठेवलं. तुमी कोरीची जाडी उभी मोजली आणि टोकापासून टोकापर्यंतची रुंदी आडवी. जाडी भागिले रुंदी. रुंदी खोटी कमी आली, म्हणून कोर खोटीच जाड दिसली. ग्रहण तेव्हा वाढत होतं, म्हणून जाड कोर म्हणजे आधीची वेळ."

दिनकररावांनी बन्सीधरच्या बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडले. त्यांचं माप होतं शंभरात अठ्ठावीस. चाक ज्या प्रमाणात आवळलं होतं त्या प्रमाणात रुंदी मोकळी केली की शंभरात वीस. कोष्टकात बोट फिरवलं. शंभरात वीसची कोर तीन वाजून तीस मिनिटांनी.

साडेतीनला सिताराम देवळात होता. लंगडत शाळेत पोचेपर्यंत तीन बेचाळीस झाले असते, आणि तीन चाळीसला पेटी रिकामी होती. आणि तीन पंचवीसनंतर चोरी करून पाच मिनिटांत देवळात परतणं त्याच्या पायाला शक्यच नव्हतं.

त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. चौदा वर्षं. चूक सात मिनिटांची होती.

"त्या मापाची फेरतपासणी कुणी केली नाही," ते म्हणाले. "एकानंही."

"सगळ्यांना हवं होतं तेच उत्तर आलं व्हतं सर," सत्यशीला म्हणाली. तिनं मोजपट्टी पिशवीत ठेवली. "पडताळणार कोण?"

बसस्थानकावर ती परभणीच्या गाडीत चढली. पायरीवरून वळून म्हणाली, "चोर कोण, ते शोधायला मी आले नव्हते. आबा नव्हते, एवढंच मला बघायचं होतं. पण सर, तीन पंचवीस आणि तीन चाळीस, दोन्ही वेळा एकाच वहीत आहेत. ती वही तुमी तेव्हा मोजली न्हाई."

५

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर ज्वारी पोटऱ्यात आली होती. दिनकररावांना बाहेरचं काही दिसत नव्हतं.

किल्ल्या दोन. एक आपल्या खिशात. दुसरी, सितारामचं ऐकायचं तर, प्रयोगशाळेतल्या खिळ्याला. सिताराम खरं बोलत होता हे आता ठरलं. मग जुडगा तिथंच होता. आणि तिथं एकच माणूस होतं.

कुसुम घरी नव्हती. शेजारी गेली होती. त्यांनी तिची जुनी ट्रंक उघडली आणि ग्रहणाची वही काढली.

तापमानं ओळीनं लिहिलेली. अडीचपासून दर पाच मिनिटांनी, सुबक, एकही चुकलेलं नाही. तीन वीस. तीन पंचवीस. मग एकदम तीन चाळीस. हवा सगळ्यांत झपाट्यानं गार होत होती त्याच वेळच्या दोन नोंदी नाहीत. आयुष्यभर हजेरीपटसुद्धा खाडाखोड न करता लिहिलेल्या बाईनं नेमकं हेच चुकवलं?

पान उलटलं. पलीकडं पेन्सिलीनं काढलेलं सूर्याचं चित्र होतं, कोरीचं. कोरीच्या पोटात बारीक ठिपके, दोन दोनच्या जोडीनं, एक मोठा, त्यामागं लहान. दिनकररावांनी हे ठिपके पूर्वीही पाहिले होते. पेन्सिलीचं टोक आपटलं असेल असं त्यांना वाटलं होतं.

ते सूर्यावरचे डाग होते. इतके बारीक डाग काजळीच्या काचेतून दिसत नाहीत. पानाखालच्या कवडशात तर मुळीच नाही. ते दिसतात एकाच गोष्टीतून, दुर्बिणीचं चित्र कागदावर पाडलं तर.

मागं पावलं वाजली. कुसुमबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी वही पाहिली आणि दाराची चौकट धरली.

"तूच उघडलंस कपाट," दिनकरराव म्हणाले.

"हो."

त्या खाली बसल्या. किती वर्षं हे बोलणं मनात घोळवलं असेल, तरी शब्द अडखळत आले.

"तुम्ही दोनशे पोरांना ग्रहण दाखवायला गेलात. मला म्हणालात, तापमान लिही. मी विज्ञान शिकवत होते हो! पुन्हा कधी असं ग्रहण दिसणार होतं? खिळ्याला जुडगा होता. म्हटलं, पाच मिनिटं. पश्चिमेच्या खिडकीत दुर्बीण मांडली, कागदावर सूर्य पाडला. इतका सुंदर... काढून घेतला. मग भिंग घाईनं सोडवायला गेले आणि हातातून निसटलं. शहाबादीवर पडून दोन तुकडे झाले. ते मी बारवेत टाकले."

"आणि चोरी झाली म्हणालीस."

"पहिल्यांदा तेवढंच म्हणाले. सितारामचं नाव मी घेतलं नाही. तुम्ही जुडग्याचं विचारलंत तेव्हा..." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "फोटो धुऊन येईपर्यंत रोज ठरवायची, आज सांगते. फोटो आले, तुम्ही कंपास घेऊन बसलात, आणि तुमचं उत्तर आलं. तीन तेवीस. मला वाटलं, देवानंच वाचवलं. माझ्या भीतीला तुमचं गणित आयतं मिळालं."

"मी चुकलो असेन असं तुला ठाऊक होतं."

"तुम्ही चुकलात हे मला एकटीलाच ठाऊक होतं. आणि सितारामच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हेही ठाऊक होतं. ते जाणूनच मी गप्प बसले."

दिनकररावांना ओरडायचं होतं. पण परिपाठाच्या फळ्यावर आकृती काढणारा हात त्यांचा स्वतःचा होता.

"उद्या चुडाव्याला जायचं," ते म्हणाले. "दोघांनी."

६

चुडावा स्टेशनामागं दोन खोल्यांच्या घरापुढं सिताराम बाजेवर बसला होता. केस पांढरे झाले होते. पोती वाहून एक खांदा खाली आला होता. दोघांना पाहून तो उठला नाही. सत्यशीलानं खुर्च्या आणून ठेवल्या.

कुसुमबाईंनी सगळं सांगितलं. एकही गोष्ट झाकली नाही. दिनकररावांनी आपली चूक सांगितली आणि खिशातून माफीचा कागद काढला.

"हितं नगा वाचू," सिताराम म्हणाला.

"म्हणजे?"

"तुमी माझ्या दारात येऊन वाचणार, म्या ऐकणार, मंग तुमी गाडीनं जाणार. मला चोर कुठं म्हणला होता साहेब? शाळेत. पोरांच्या, गावाच्या म्होरं. माझी लेक रांगेत उभी व्हती. तिथं वाचा."

दिनकररावांनी कागदाची घडी घातली. "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आहे," ते म्हणाले.

"येतो म्या."

७

दत्तराव आता संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सध्याचे दिवस कसे आहेत सर, बघता ना? जुनं कशाला उकरता? गावात उगीच..."

"दिवस तेव्हाही असेच होते," दिनकरराव म्हणाले. "म्हणून तर माझं चुकलेलं गणित खपून गेलं."

झेंडा वर गेला. पोरं रांगेत बसली. गावातली शे-दीडशे माणसं पटांगणाच्या कडेनं उभी होती. सिताराम पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी सत्यशीला. दिनकरराव उभे राहिले. त्यांनी फळा मागवला होता. त्यावर सायकलचं चाक काढलं, एक गोल, एक आवळलेलं. चूक कशी झाली ते सातवीच्या पोरांना कळेल अशा भाषेत सांगितलं. मग म्हणाले, "सिताराम खिल्लारे यांनी चोरी केली नाही. ते खरं बोलत होते. मी त्यांना चोर ठरवलं, याच जागी. तुमच्यासमोर त्यांची माफी मागतो. त्यांची सेवा परत धरावी आणि निवृत्तिवेतन द्यावं, असा अर्ज मी संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना दिला आहे."

गर्दीत कुजबुज झाली. मग कुणी न बोलावता कुसुमबाई पुढं आल्या.

"भिंग माझ्या हातून फुटलं," त्या म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, वर्गात जायचा तसा. "मी खोटं बोलले. शिक्षा सितारामना झाली."

मागचे दोन-तीन जण निघून गेले. बाकीचे थांबले. नव्या मुख्याध्यापकांनी सितारामला विचारलं, काही बोलणार का. तो उठला, लंगडत माइकपाशी गेला.

"माझं नाव सिताराम किसन खिल्लारे," तो म्हणाला. "अकरा साल या शाळेची घंटा दिली. एक दिस चुकलो न्हाई."

एवढं बोलून तो जागेवर येऊन बसला. आधी एका पोरानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

जिंतूरची गाडी यायला वेळ होता. थांब्यावर दिनकरराव, कुसुमबाई, सिताराम आणि सत्यशीला, चौघं लिंबाखाली उभी राहिली. दिनकररावांच्या ओठांवर एक प्रश्न आला. सितारामनं तो त्यांच्या तोंडावरच वाचला.

"माफ केलं का, ते इचारू नगा साहेब," तो म्हणाला. "मलाच आजून ठावं न्हाई. चौदा साल लय झाले."

"नाही विचारत."

"पण आज लेकीसंगं या रस्त्यानं आलो. मान वर करून आलो. तेवढं झालं."

गाडी आली. सत्यशीलानं आधी बापाला चढवलं. पायरी उंच होती, पाय लवकर उचलेना. दिनकरराव पुढं झाले आणि त्यांनी हात दिला. सितारामनं क्षणभर त्या हाताकडं पाहिलं. मग तो धरला आणि वर चढला.